दुधाळ्याची नळी आणि हायड्रोजनचा दहावा आकडा

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा नावाचं गाव आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा तिथे उभी राहायची आहे. ११ फेब्रुवारी २०१६ ला अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर सापडल्याचं जाहीर केलं आणि सहाच दिवसांनी आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी ६ एप्रिल २०२३ ला मिळाली, ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. हे सगळं जिल्ह्यात चर्चेत असतं. एका गोष्टीची चर्चा मात्र मी क्वचितच ऐकली आहे. वेधशाळेच्या काटकोनात चार-चार किलोमीटर जाणाऱ्या दोन नळ्यांतून हवा पूर्ण काढून घेतली, तरी आत जो थोडासा वायू उरतो तो मुख्यतः हायड्रोजन असतो. आणि हाच रेणू, सगळ्या रेणूंमधला सर्वांत साधा, लेसरने अधिकाधिक बारकाईने मोजण्यासाठी ॲमस्टरडॅम आणि झुरिचमधले प्रयोगकर्ते व पोलंडमधले गणिती वर्षानुवर्षं खपत आहेत.

एवढं बारीक मोजून काय साधतं, हा प्रश्न दुधाळ्यालाही लागू आहे आणि हायड्रोजनलाही. तो इथे दोघांच्या तोंडून मांडतो आहे. मामा औंढ्याजवळच्या गावात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आता हळद आणि सोयाबीन करतात. भाची पुण्यात लेसरवर संशोधन करते. दोन्ही पात्रं मी उभी केलेली आहेत. त्यांचे प्रश्न खरे आहेत.

मामा : आधी एक सांग. हायड्रोजनच्या रेणूत दोन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन. फळ्यावर दोन गोल काढून मी हेच शिकवत आलो. तो रेणू तोडायला किती ऊर्जा लागते तेही पुस्तकात छापलेलं आहे, साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरा आत. मग तेच ते परत कामून मोजायलेत?

भाची : मामा, त्या छापलेल्या आकड्याचीच गोष्ट ऐका. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन या दोघांनी क्वांटम यांत्रिकी वापरून दाखवलं, की दोन हायड्रोजन अणू एकमेकांना का धरून राहतात. रासायनिक बंधाचा तो पहिला खरा उलगडा. पण बंधाची ताकद त्यांना निघाली ती खऱ्याच्या दोन-तृतीयांश. पुढे गणित सुधारत गेलं. १९६० मध्ये कॅनडात गेरहार्ड हर्झबर्ग यांनी वर्णपटावरून ही ऊर्जा फार काळजीपूर्वक मोजली. आणि त्या दशकाच्या अखेरीला पोलंडच्या कोवोस आणि वोल्नेविच यांनी संगणकावर तीच ऊर्जा काढली, तर ती मोजलेल्यापेक्षा जास्त आली. फरक दहा हजारांत एक भाग, बस.

मामा : दहा हजारांत एक म्हणजे काही फरक झाला का?

भाची : फार मोठा. त्या गणिताचा एक पक्का नियम आहे. त्यात तुम्ही कितीही हात आखडता घेतलात, तरी बंध खऱ्यापेक्षा कमजोर दिसेल. खऱ्यापेक्षा मजबूत कधीच दिसणार नाही. इथे तो मोजलेल्यापेक्षा मजबूत दिसत होता. म्हणजे एकतर क्वांटम यांत्रिकी रेणूला लावताना काहीतरी चुकतंय, नाहीतर हर्झबर्गांचा प्रयोग चुकतोय. हर्झबर्ग त्या काळातले सर्वांत मोठे वर्णपटशास्त्रज्ञ. त्यांनी स्वतःच पुन्हा प्रयोग केला आणि १९७० मध्ये नवा आकडा छापला. तो गणिताशी जुळला.

मामा : म्हणजे यंत्र हरलं, कागद जिंकला. मग एवढी यंत्रं कशाला उभी करायची? पोलंडच्या माणसाला कागद द्या, संगणक द्या, काम स्वस्तात होतंय.

हा टोला नेमका आहे. सिद्धांत इतका भरवशाचा असेल, तर त्याला पुन्हा पुन्हा प्रयोगाच्या दारात का उभं करायचं? विज्ञानाला पैसा देताना सरकारंही मनात हेच विचारत असतात.

भाची : कारण कागदात जे आकडे घालतो, ते कुणीतरी मोजलेलेच असतात. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन काढून त्या जागी म्यूऑन बसवला. म्यूऑन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २०० पट जड, त्यामुळे तो प्रोटॉनच्या अगदी जवळून फिरतो आणि प्रोटॉनचा आकार त्याला जास्त जाणवतो. लेसरने त्याच्या पातळ्या मोजल्या, तर प्रोटॉनची त्रिज्या तोवर मानलेल्या आकड्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी लहान निघाली. प्रोटॉन, मामा! सगळ्या जगाची वीट, आणि तिचं माप चार टक्क्यांनी हललं. पुढची कितीतरी वर्षं त्यावर वाद चालला. नंतर साध्या हायड्रोजनवर झालेली नवी मोजमापंही लहान आकड्याच्याच बाजूने झुकली, आणि आता मान्य त्रिज्या तीच आहे. कागदावर बसून हे कुणाला कळलं असतं?

मामा : बरं, हे पटलं. पण तू रेणूवर काम करतेस. अणूपेक्षा रेणू किचकट. मग सोपं सोडून अवघडात कशाला शिरायचं?

भाची : अणूत एकच प्रोटॉन असतो. रेणूत दोन जड कण एकमेकांपासून ०.०७४ नॅनोमीटरवर बसलेले असतात, थरथरतात, फिरतात. त्यामुळे रेणूच्या वर्णपटात प्रोटॉनच्या वस्तुमानाचा आकडा थेट उतरतो. शिवाय समजा, दोन प्रोटॉनांमध्ये आपल्याला अजून ठाऊक नसलेलं एखादं बल असेल, तर ते दिसायची जागा हीच. तसं बल असतं तर मोजलेला आकडा आणि गणित यांत तफावत आली असती. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅम आणि पोलंडच्या लोकांनी मिळून याच मोजमापांवरून हिशेब मांडला, की एवढ्या अंतरावर असं पाचवं बल असलंच तर ते जास्तीत जास्त किती असू शकेल.

मामा : आणि सापडलं का?

भाची : नाही. फक्त त्याची हद्द ठरली.

मामा : मग एवढ्या खटाटोपातून हाती काय आलं?

भाची : बल किती असू शकत नाही, ते आलं. ज्यांनी नव्या बलांचे सिद्धांत मांडले होते, त्यांतले काही त्या दिवशी बाद झाले.

मी इथे भाचीच्या बाजूचा आहे. न सापडणं हाही निकाल असतो, पण मोजमाप पुरेसं बारीक असेल तरच. भोंगळ मोजणीत काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ काहीच निघत नाही.

मामा : पण मोजता कसं? रेणू धरून तोडता?

भाची : तोडत नाही. थेट तोडून इतकं बारीक मोजता येत नाही. त्याऐवजी रेणूतला एक इलेक्ट्रॉन लेसरने टप्प्याटप्प्याने वर चढवत नेतात, तो पार निघून जाईपर्यंत. प्रत्येक टप्प्याला किती ऊर्जा लागली ते लेसरच्या वारंवारतेवरून कळतं. मग मागे राहिलेला आयन तोडायला किती लागते ते गणितातून घ्यायचं, कारण तिथे एकच इलेक्ट्रॉन असतो आणि गणित फार अचूक येतं. सुट्या अणूची ऊर्जा आधीच माहीत असते. बेरीज-वजाबाकी केली की मूळ रेणूची बंधऊर्जा निघते. रेणू धावत असतात, त्यामुळे प्रकाशाची वारंवारता त्यांना थोडी बदललेली दिसते. म्हणून पहिल्या टप्प्यात एकाच रेणूवर समोरासमोरून दोन किरण सोडतात, म्हणजे तो बदल एकमेकांत फिटतो. २००९ मध्ये झुरिचचे फ्रेडरिक मेर्क्ट आणि ॲमस्टरडॅमचे विम उबाख्स यांच्या गटांनी या वाटेने मोजलं, तेव्हा आधीच्यापेक्षा अचूकता पुष्कळ वाढली. २०१९ पर्यंत ती ३०० कोटींत एक भाग इथवर, म्हणजे दहाव्या आकड्यापर्यंत गेली. पाखुत्स्की, कोमासा ही पोलंडची मंडळी गणित त्याच्या बरोबरीने नेत आहेत.

मामा : ३०० कोटींत एक! आता माझं ऐक. मोंढ्यात हळदीचा काटा लागतो, तेव्हा काटा खरा आहे का ते बघायला शिक्क्याचं प्रमाण वजन ठेवतात. शेतकऱ्याचा भरवसा त्या वजनावर. तुझा हायड्रोजन म्हणजे तसं वजन आहे, हे मला कळलं. सिद्धांताचा काटा त्याच्यावर तपासायचा. पण पोत्याच्या काट्यावर मिलिग्रॅम कोणी बघत नाही गं. हळद ओली की वाळलेली, हे बघितलं तरी शेतकऱ्याचं भलं होतंय.

भाची : पोत्यासाठी नाही बघत. पण दुधाळ्यात तेच मिलिग्रॅम आडवे येणार आहेत.

पुढे भाचीने जे सांगितलं, ते प्रत्येक हिंगोलीकराने एकदा तरी समजून घ्यावं असं मला वाटतं. म्हणून ते सविस्तर देतो.

भाची : लायगोची एकेक नळी सव्वा मीटरच्या आसपास रुंद आणि चार किलोमीटर लांब. दोन्ही टोकांना आरसे, मध्ये लेसर. गुरुत्वीय लहर आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते. किती? १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेल्या पहिल्या लहरीत हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काही शतांश भागाचाही नव्हता. नळीत हवा राहिली तर हे मोजणं अशक्य. म्हणून आतला दाब बाहेरच्या हवेच्या लाख कोटीव्या भागाइतका खाली आणतात. तरीसुद्धा दर घनसेंटीमीटरमध्ये सुमारे तीन कोटी रेणू शिल्लक असतात.

मामा : तीन कोटी? याला निर्वात म्हणतात?

भाची : माणसाला इतक्या मोठ्या आकारमानात याहून फार पुढे जाता आलेलं नाही. आणि ते रेणू मुख्यतः हायड्रोजनचे. नायट्रोजन, ऑक्सिजन पंपाने निघून जातात. हायड्रोजन मात्र पोलादातच असतो. पोलाद वितळलेलं असताना हायड्रोजनचे अणू त्यात विरघळतात, थंड झाल्यावर आत अडकून राहतात आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतात. तिथे दोघांची जोडी जुळते आणि रेणू होऊन नळीत सुटतो. अमेरिकेत नळ्या करण्याआधी पोलादाचे पत्रे भट्टीत बराच वेळ तापवून त्यातला हायड्रोजन आधीच घालवला. नळ्या बसवल्यावर त्यांच्यातूनच मोठा विद्युतप्रवाह सोडून त्या काही आठवडे दीडशे अंशांच्या वर तापवून ठेवल्या, म्हणजे भिंतींना चिकटलेलं पाणी सुटावं. ही अडचण पोलादाच्या स्वभावातलीच आहे, दुधाळ्यालाही ती चुकणार नाही.

मामा : थांब. हायड्रोजन पारदर्शक असतो, हे मीच पोरांना शिकवलंय. लेसरचा उजेड तो गिळत नाही. मग राहिला थोडा, तर बिघडलं काय?

भाची : बरोबर आहे, तो गिळत नाही. त्याचे दोन्ही भाग अगदी सारखे, म्हणून विजेचं पारडं कुठल्याच बाजूला झुकत नाही आणि साध्या प्रकाशाला त्यात धरायला काही मिळत नाही. त्याच्या कंपनाच्या क्षीण रेषा पहिल्यांदा पकडल्या त्याही हर्झबर्गांनीच, १९४९ मध्ये, आणि त्यासाठी दाबाखालच्या हायड्रोजनमधून प्रकाश शेकडो वेळा मागे-पुढे फिरवून काही किलोमीटर न्यावा लागला. पण न गिळताही तो प्रकाशाला किंचित मंद करतो. लेसरच्या किरणातून एक रेणू आडवा गेला, की तेवढ्या क्षणी प्रकाश तिळभरही नाही इतका उशिरा पोहोचतो. किरणात आत्ता किती रेणू आहेत, ही संख्या सारखी कमी-जास्त होते. हा चढउतार म्हणजेच खरखर. गुरुत्वीय लहर या खरखरीत बुडू नये, एवढा हायड्रोजन कमी करावा लागतो. तो किती कमी करायचा हे ठरवताना, हायड्रोजनचा रेणू प्रकाशाला नेमका किती अडवतो हे माहीत असावं लागतं. आणि ते याच साध्या रेणूच्या गणितातून आणि मोजमापातून येतं.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वेगळीच वाट धरली.

मामा : म्हणजे तुझ्या प्रयोगशाळेत जो पाहुणा, तो दुधाळ्यात चोर.

भाची : आणि लेसर सांभाळायची युक्तीही दोन्हीकडे एकच. लेसरची वारंवारता सारखी हलत असते. ती दोन आरशांमधल्या पोकळीला बांधून ठेवायची एक पद्धत आहे, पाउंड-ड्रेव्हर-हॉल नावाची. १९८३ चा तो शोधनिबंध. त्यातले रोनाल्ड ड्रेव्हर हे लायगोच्या तीन संस्थापकांपैकी एक. त्यातले जॉन हॉल यांना २००५ चं नोबेल मिळालं, लेसरने वर्णपट अचूक मोजण्याच्या कामासाठी. गुरुत्वीय लहरींच्या शोधात निघालेली ही रीत आज अचूक वर्णपट मोजणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत वापरतात. माझ्या टेबलावर रोज हेच चालतं. दुधाळ्यात चार किलोमीटरवर तेच होईल.

ड्रेव्हर मार्च २०१७ मध्ये गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लायगोला नोबेल मिळालं. वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांच्या शेजारी त्यांचं नाव यायचं राहिलं.

मामा : हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे कोणी या हायड्रोजनच्या नादी लागलं का?

भाची : लागलं की! आणि तेही पुण्यात. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली, ती आज लायगो-इंडियाच्या मुख्य संस्थांपैकी एक आहे. तिथले रघुनाथन श्रीआनंद आणि फ्रान्सचे पेतिजाँ व लडू यांनी २००० साली चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून एका दूरच्या क्वेसारचा प्रकाश तपासला. वाटेत एक वायूचा ढग होता, त्यात हायड्रोजनचे रेणू होते. प्रकाश त्या ढगातून सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वी गेला. ढगातल्या कार्बनच्या अणूंची आणि हायड्रोजन रेणूंची पातळी बघून त्यांनी काढलं, की त्या काळी विश्वातल्या पार्श्वप्रारणाचं तापमान निरपेक्ष मापावर ६ ते १४ अंशांच्या मध्ये होतं. आज ते २.७ आहे. विश्व पूर्वी जास्त उबदार होतं, ही महास्फोट सिद्धांताची अपेक्षा. त्या अपेक्षेप्रमाणे तिथे ९ अंश हवेत, म्हणजे निकाल बरोबर बसला.

मामा : नारळीकरांचा तर महास्फोटाला विरोध होता.

भाची : होता. आणि त्यांनीच उभारलेल्या संस्थेतून हे निघालं. मला त्यात त्यांचा मोठेपणा दिसतो.

मामांनी मान हलवली. मलाही हे फार मोलाचं वाटतं.

भाची : याच ढगांमधून दुसराही प्रश्न विचारता येतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५ पट जड आहे. हा आकडा सदासर्वकाळ हाच होता का? तो वेगळा असता, तर हायड्रोजन रेणूच्या रेषा कमी-जास्त सरकल्या असत्या. पण सरकल्या की नाही हे कळायला आज प्रयोगशाळेत त्या रेषा कुठे आहेत ते अचूक माहीत हवं. ॲमस्टरडॅमच्या गटाने लेसरने त्या मोजल्या. २००६ मध्ये त्यावरून असं दिसलं, की १२०० कोटी वर्षांत हा आकडा लाखात दोन भाग बदलला असावा. मोठी खळबळ झाली.

मामा : आणि?

भाची : २००८ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच क्वेसारांचे वर्णपट पुन्हा नीट मापून घेतले, तर बदल दिसेना. आजची मर्यादा अशी, की फरक असलाच तर दहा लाखांत पाच भागांपेक्षा कमी.

मामा : म्हणजे आधी हो म्हणाले, मग नाही म्हणाले.

भाची : प्रयोगशाळेतली मोजपट्टी इतकी पक्की होती, म्हणूनच खोट दुर्बिणीकडच्या मोजणीत शोधता आली. दोन्हीकडे ढिलाई असती, तर आजही भांडत बसले असते.

इथवर वाद विज्ञानाचा होता. पुढचा हिंगोलीचा होता, आणि तिथे मामांचं पारडं जड होतं.

मामा : आता माझी गोष्ट ऐक. तत्त्वतः मान्यता ते पक्की मंजुरी, यातच सात वर्षं गेली. २१ मार्च २०२४ ला सकाळी जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, १० जुलैला परत तेवढाच. किल्लारीचा भूकंप आम्ही विसरलेलो नाही. तू प्रोटॉनचा हजारावा भाग मोजायलीस आणि इथं जमीनच हलायलीय.

भाची : जमीन सगळीकडेच हलते, मामा. अमेरिकेत लिव्हिंगस्टनच्या वेधशाळेला जवळून जाणारी मालगाडीसुद्धा जाणवते. म्हणून ४० किलोचा आरसा चार पायऱ्यांच्या लोलकावर टांगतात आणि खालचा सांगाडा हलणाऱ्या जमिनीच्या उलट ढकलत राहतात. लहान धक्क्याने मोजणी काही काळ थांबते, मग पुन्हा सुरू होते. मोठ्या धक्क्याचा विचार बांधकामातच करावा लागतो. तो टाळून चालणार नाही, हे तुमचं खरं.

मामा : बरं, यंत्र उभं राहिलं. ते चालवणार कोण? पुण्याचे, इंदूरचे, गांधीनगरचे. आमच्या पोरांना गेटवर उभं करणार? मी पस्तीस पोरांच्या वर्गाला वर्णपट शिकवला, पण दाखवू शकलो नाही. साधन नव्हतं. बी.एस्सी.ला मी स्वतः हायड्रोजनची नळी पेटवली होती. लाल, निळी-हिरवी, जांभळी अशा रेषा. बामरचं सूत्र लावून रिडबर्गचा आकडा काढला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की पुस्तकातलं खरं असतं. आमच्या पोरांना ते वाटायचा योगच आला नाही. मग तू सांगतेस तो दहावा आकडा त्यांच्यासाठी कुणाचा?

भाची लगेच उत्तर देऊ शकली नाही. मग तिने त्याच नळीबद्दल विचारलं.

भाची : त्या नळीत ठळक रेषांच्या मागे बारीक रेषांची गर्दी दिसली होती का? नारिंगी-लाल भागात?

मामा : होती ना! सर म्हणाले, ती सोडा, वहीत नका लिहू.

भाची : ती गर्दी म्हणजे हायड्रोजनचा रेणू. ठळक रेषा तुटलेल्या अणूंच्या, बारीक रेषा न तुटलेल्या रेणूंच्या. शंभर वर्षं लोक त्याच गर्दीतून वाट काढताहेत.

मामा : मग आमच्या पोरांना ती गर्दी दाखवायला काय २६०० कोटी लागतात?

याला भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. बारीक मोजण्याच्या मोलाबद्दल मी पूर्णपणे भाचीशी सहमत आहे: दहावा आकडा हौसेपोटी काढलेला नसतो, तो नसता तर सिद्धांताची चूकही कळली नसती आणि प्रयोगाचीही. पण मामांचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. चार किलोमीटरच्या नळीपासून काही अंतरावरच्या शाळेत मुलाने आयुष्यात एकदाही वर्णपट पाहिलेला नसेल, तर ती वेधशाळा जिल्ह्यात असूनही जिल्ह्याची होणार नाही. वेधशाळेचं उद्दिष्ट २०३० च्या आसपासचं आहे. आज आठवीत असलेली मुलगी तेव्हा पदवीच्या वर्गात असेल. तिची तयारी वेधशाळा सुरू झाल्यावर करून भागणार नाही.

म्हणून हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमतच्या शिक्षकांना, संस्थाचालकांना आणि पालकांना विनंती आहे. नोकऱ्या आणि रस्ते तर मागाच. त्याबरोबर प्रत्येक वरिष्ठ महाविद्यालयात हायड्रोजनची एक नळी, एक ग्रेटिंग आणि एक चालू स्थितीतला स्पेक्ट्रोमीटर मागा. हे लाखांतलं काम आहे, कोटींतलं नाही. शाळांनी तेवढ्यासाठीही थांबू नये: जुनी सीडी, खोक्याला पाडलेली बारीक फट आणि वर्गातली ट्यूबलाइट एवढ्यावर पाऱ्याच्या रेषा उद्या सकाळी दाखवता येतात. आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत ठळक रेषांच्या मागची ती पुसट गर्दीही मुलांना लिहू द्या.